लहान पेटीतील मंद्र स्वर : मिडवूफरचे गुणधर्मपत्रक कसे वाचावे

पुस्तकांच्या फळीवर सहज मावेल एवढी एक लाकडी पेटी. तिच्या दर्शनी बाजूला वर नाण्याएवढा एक लहानसा घुमट आणि त्याखाली तळहाताएवढा एक काळा शंकू. एवढ्याच सामग्रीतून तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याचा घुमारा, सतारीची झणक आणि गाणाराचा श्वाससुद्धा मुळाबरहुकूम ऐकू यावा, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. वरचा घुमट म्हणजे ट्वीटर. तो सर्वांत वरचे उपस्वर सांभाळतो. खालच्या शंकूला मंद्र आणि मध्य अशा दोन्ही प्रदेशांचा भार एकट्यानेच वाहावा लागतो. म्हणूनच त्याला मिडवूफर असे जोडनाव मिळाले आहे. मोठ्या ध्वनिक्षेपकात हे काम दोन किंवा तीन निरनिराळ्या शंकूंत वाटून देता येते. लहान पेटीत तशी सोय नसते. साहजिकच पेटीचे यशापयश बहुतांशी या एका भागाच्या निवडीवर ठरते.

ही निवड पुष्कळदा दोन आकड्यांवर केली जाते. एक शंकूचा व्यास, इंचांत. आणि दुसरा शक्तीचा, वॅटमध्ये. दुकानात हेच दोन आकडे ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. वस्तुतः पेटी बांधणाराला सर्वांत कमी माहिती देणारे आकडे हेच. खरी माहिती उत्पादक जे गुणधर्मपत्रक देतो त्यातील बारीक अक्षरांच्या कोष्टकात असते. पेटी किती लिटरची हवी, ती बंद ठेवावी की तिला नळी बसवावी, किती खालच्या स्वरापर्यंत ती पोहोचेल आणि किती मोठ्याने वाजेल, हे सारे लाकडाला करवत लावण्यापूर्वीच त्या कोष्टकावरून काढता येते. ते न वाचता बांधलेली पेटी सुतारकामाने कितीही सुबक असली तरी तिचा दोष नंतर रंधा मारून जात नाही.

शंकू, वेटोळे आणि चुंबक

आजच्या ध्वनिक्षेपकाची मूळ रचना १९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात तत्त्वतः फारसा बदल झालेला नाही. वर्तुळाकार चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे हलके वेटोळे अधांतरी असते. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा उलटसुलट प्रवाह त्यातून वाहू लागला की वेटोळे मागेपुढे सरकते आणि त्याला चिकटलेला शंकू आपल्याबरोबर हवेलाही ढकलतो. शंकूच्या कडेला रबराची झालर असते. गळ्याशी चुण्या घातलेली कापडी चकती असते. कारागीर तिला स्पायडर म्हणतात. या दोन आधारांमुळे वेटोळे फटीत मधोमध राहते आणि प्रवाह थांबताच शंकू मूळ जागी परततो.

म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे एक वजन आणि एक स्प्रिंग आहे. स्प्रिंगला टांगलेले वजन खाली ओढून सोडले की ते आपल्या ठरावीक गतीनेच वरखाली होते, शंकूचेही तसेच. या नैसर्गिक कंपनसंख्येला पत्रकात ‘एफएस’ हे चिन्ह असते. वजन वाढवावे किंवा स्प्रिंग सैल करावी, म्हणजे ती खाली येते.

हा आकडा महत्त्वाचा का, ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. अनुनादाच्या वरच्या प्रदेशात शंकूची हालचाल त्याच्या वजनाच्या ताब्यात असते. बल तेच ठेवून कंपनसंख्या दुप्पट केली तर शंकू पूर्वीच्या एक चतुर्थांशच सरकतो. पण त्याच वेळी हवेत ध्वनिदाब निर्माण करण्याची लहान पृष्ठभागाची क्षमता, तेवढ्याच हालचालीसाठी, चौपट होते. एकीकडची घट दुसरीकडच्या वाढीने नेमकी भरून निघते आणि आवाजाची पातळी समान राहते. राइस आणि केलॉग यांच्या शोधाचे मर्म हेच होते: अनुनाद ज्या जागी त्रास देणार नाही अशा तळाशी न्यायचा आणि त्याच्या वरच्या सपाट प्रदेशात काम करायचे. अनुनादाच्या खाली मात्र स्प्रिंगचे राज्य सुरू होते आणि आवाज दर सप्तकाला १२ डेसिबेलने ढासळतो. तेव्हा अनुनाद ही मंद्र प्रदेशाची सीमारेषा होय.

एक नमुन्याचे पत्रक

पुढील विवेचनासाठी एक कल्पित मिडवूफर घेऊ. त्याचे आकडे कल्पित असले तरी परस्परांशी सुसंगत आहेत आणि १५ सेंटिमीटर वर्गातील चांगल्या मिडवूफरच्या पत्रकात अशाच आकड्यांची गाठ पडते. शंकूचे परिणामी क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, हलणाऱ्या भागाचे एकूण वजन १२ ग्रॅम, नैसर्गिक कंपनसंख्या ४५ हर्ट्झ, वेटोळ्याचा एकदिश रोध ६ ओहम, ‘क्यूएमएस’ ४, ‘क्यूईएस’ ०.४२, ‘क्यूटीएस’ ०.३८, ‘व्हीएएस’ १५ लिटर, ‘एक्समॅक्स’ ४ मिलिमीटर, आणि एक वॅट शक्तीला एक मीटरवर ८७ डेसिबेल आवाज.

यातील ‘क्यू’ या अक्षराच्या तीन राशी नवख्याला सर्वांत गूढ वाटतात. पण त्यांचा अर्थ एका टिचकीने समजतो. कोणताही सुटा मिडवूफर हातात धरून शंकूवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. किंचित लांबणारा, घुमणारा आवाज येईल. आता त्याची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून पुन्हा टिचकी मारावी. आवाज लगेच दबतो. वेटोळे चुंबकक्षेत्रात हलताना स्वतःच वीज निर्माण करते आणि मार्ग बंद झाला की तो प्रवाह हालचालीला विरोध करतो. अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असताना हा विद्युत्ब्रेक सतत लागलेला असतो. ‘क्यूएमएस’ म्हणजे केवळ झालर आणि स्पायडर यांच्या घर्षणाचे अवमंदन. ‘क्यूईएस’ म्हणजे विजेचे अवमंदन. आणि ‘क्यूटीएस’ म्हणजे दोहोंचा एकत्रित परिणाम. आकडा जितका लहान तितका ब्रेक कडक.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मोठे, जड चुंबक म्हणजे जास्त खर्ज, असे समजले जाते. चुंबक प्रबळ झाले की वेटोळ्यावरील बल वाढते, कार्यक्षमता वाढते, हे खरे. पण ब्रेकही कडक होतो आणि अनुनादाजवळचा आवाज मधल्या पट्ट्याच्या मानाने दबतो. ‘क्यूटीएस’ ०.२५ असलेला मिडवूफर बंद पेटीत ठेवला तर तो किंमतीने उंची असूनही कोरडा, खर्जहीन वाजेल. तो अन्य प्रकारच्या पेटीसाठी घडवलेला असतो. ०.६ किंवा ०.७ च्या आसपास ‘क्यूटीएस’ असलेला मिडवूफर याच्या उलट मोठ्या बंद पेटीत खुलतो आणि लहान पेटीत कोंडला की एकाच स्वरावर घोंगावू लागतो.

हवेची स्प्रिंग

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा रेटला तर तो मागे उसळतो. कोंडलेली हवा ही एक स्प्रिंगच आहे, आणि जागा जितकी कमी तितकी ती ताठ. मिडवूफर बंद पेटीत बसवला की त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगमध्ये या दुसऱ्या स्प्रिंगची भर पडते, त्यामुळे अनुनाद वर सरकतो. किती सरकेल, हे सांगण्यासाठीच ‘व्हीएएस’ असतो. ज्या घनफळातील हवा मिडवूफरच्या झालर-स्पायडरइतकीच ताठ असते, ते घनफळ म्हणजे ‘व्हीएएस’. आपल्या नमुन्यासाठी ते १५ लिटर आहे. १५ लिटरच्या पेटीत त्याचा एकूण ताठपणा दुप्पट होईल; ६ लिटरच्या पेटीत साडेतीन पट.

ही हवेची स्प्रिंग फार काळ अडचण म्हणूनच ओळखली जात होती. तिचे गुणात रूपांतर करण्याचे श्रेय एडगर व्हिलचर यांना दिले जाते. रबर आणि कापड यांचा ताठपणा सर्व अंतरांवर सारखा नसतो. शंकू फार सरकला की आधार ताणले जातात आणि स्वर विकृत होतो. हवा त्या मानाने पुष्कळ सरळपणे वागते. तेव्हा यांत्रिक आधार मुद्दाम अगदी सैल करावेत आणि शंकू परत आणण्याचे काम कोंडलेल्या हवेवर सोपवावे, असा विचार व्हिलचर यांनी मांडला. हेन्री क्लॉस यांच्या सहकार्याने १९५४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. कपाटाएवढ्या पेट्यांच्या त्या काळात फळीवर ठेवता येणाऱ्या त्यांच्या पेटीतून आलेला खर्ज हा तेव्हा अनेकांना चमत्कारच वाटला.

आता हिशेब. बंद पेटीत अनुनाद आणि एकत्रित ‘क्यू’ हे दोन्ही एकाच पटीने वाढतात. ती पट म्हणजे, ‘व्हीएएस’ला पेटीच्या घनफळाने भागून त्यात एक मिळवल्यावर येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. नमुन्याचा मिडवूफर ६ लिटरमध्ये ठेवला तर १५ भागिले ६, अधिक १, म्हणजे ३.५, त्याचे वर्गमूळ १.८७. अनुनाद ४५ वरून ८४ हर्ट्झवर जाईल आणि ‘क्यू’ ०.३८ वरून ०.७१ होईल. हा ०.७१ चा आकडा बांधणाऱ्यांच्या विशेष आवडीचा आहे. त्यात आवाज कोठेही न फुगता शक्य तितका खालपर्यंत सपाट राहतो आणि अनुनादाच्या ठिकाणी केवळ ३ डेसिबेलने उतरलेला असतो. पेटी याहून पुष्कळ लहान केली तर ‘क्यू’ एकाच्या वर जातो आणि १०० हर्ट्झच्या वर एक कृत्रिम फुगवटा येतो. पहिल्या ऐकण्यात तो भरगच्च खर्जासारखा भासतो. थोड्याच वेळात सर्व वाद्यांचे खालचे स्वर सारखेच वाटू लागतात.

८४ हर्ट्झ ही सीमा व्यवहारात कितपत सोयीची आहे? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची. तिचा मूलस्वर या पेटीत ५ डेसिबेलने क्षीण येईल. तरीही तंबोरा उपरा वाटणार नाही; कारण जवारीमुळे तारेची बहुतेक शक्ती उपस्वरांत विखुरलेली असते आणि उपस्वरांच्या अंतरावरून मूलस्वराची उंची ओळखण्याची किमया कानाजवळ आहे. पाश्चात्त्य डबल बासच्या ४१ हर्ट्झच्या तारेची गत मात्र वाईट होईल. ती सुमारे १३ डेसिबेलने उतरलेली असेल.

नळीची पेटी

शंकूची मागची बाजूही पुढच्याइतकाच ध्वनी निर्माण करते. बंद पेटीत तो सारा वाया जातो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात घुमते. पेटीला योग्य मापाची नळी बसवली तर पेटीही तशीच घुमते, आणि मागचा ध्वनी नळीवाटे पुढच्याला साहाय्यक होतो. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. परंतु नळी किती लांब, पेटी किती मोठी, हे ठरवणे पुढे तीस वर्षे अंदाजाचेच काम राहिले.

ते गणिताच्या कक्षेत आणले ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी. पेटी, नळी आणि शंकू मिळून जे यंत्र होते त्याचे वर्तन विद्युत्मंडलातील फिल्टरसारखेच असते, हे ओळखून १९६१ मध्ये त्यांनी अशा २८ जुळण्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. लेख ऑस्ट्रेलियातील नियतकालिकात आल्यामुळे उर्वरित जगाचे त्याकडे लक्ष जायला दहा वर्षे लागली. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी हाच विषय पुढे नेऊन १९७२-७३ मध्ये सविस्तर लेखमाला लिहिली. आजच्या पत्रकातील ‘एफएस’, ‘क्यूटीएस’, ‘व्हीएएस’ यांना ‘थील-स्मॉल राशी’ म्हणतात ते यामुळेच. एखाद्या ध्वनिक्षेपकाचे मंद्र वर्तन अशा मोजक्या संख्यांत सामावते, हा शोध कोणत्याही नव्या चुंबकापेक्षा किंवा शंकूपेक्षा मोलाचा म्हटला पाहिजे.

नमुन्याच्या मिडवूफरचा ०.३८ हा ‘क्यूटीएस’ थील यांच्या एका सरळ जुळणीला जवळजवळ तंतोतंत बसतो. तिच्यात पेटीचे घनफळ ‘व्हीएएस’ला १.४१ ने भागून मिळते, म्हणजे येथे साडेदहा लिटर. आणि नळी मिडवूफरच्याच कंपनसंख्येला, ४५ हर्ट्झला, जुळवायची असते. आवाज ४५ हर्ट्झपर्यंत पोहोचतो. बंद पेटीच्या मानाने जवळजवळ एक सप्तक खाली! प्रत्यक्ष पेटीत फटी आणि घर्षण यांमुळे थोडी गळती होते, म्हणून घनफळ किंचित वाढवावे लागते.

कागदावर मोहक दिसणाऱ्या या उत्तरात एक काटा आहे. साडेदहा लिटरच्या पेटीसाठी ५ सेंटिमीटर व्यासाची नळी घेतली तर ती सुमारे २४ सेंटिमीटर लांब हवी. एवढ्या पेटीत ती सरळ मावणे कठीण. वळवून घ्यावी लागते. साडेतीन सेंटिमीटरची नळी घेतल्यास ११ सेंटिमीटर लांबी पुरते, पण मोठ्या आवाजात अरुंद नळीतून हवा सळसळते आणि संगीतात फुसफुस मिसळते. शिवाय जुळवलेल्या कंपनसंख्येच्या खाली पेटीतील हवेचा आधार सुटतो आणि शंकू मोकाट हलू लागतो. वाकड्या ग्रामोफोन तबकडीमुळे उठणाऱ्या काही हर्ट्झच्या हेलकाव्यांनी नळीच्या पेटीतला शंकू डोळ्यांना दिसेल इतका थरथरतो, याचे कारण हेच.

तीन इच्छा, दोन वरदाने

पेटी लहान असावी, खर्ज खोल असावा आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज यावा, अशा तीन इच्छा सर्वांच्याच असतात. तीनही एकदम पुऱ्या होत नाहीत. क्लॉस यांचे पुढील काळातील सहकारी अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. कार्यक्षमता ही पेटीच्या घनफळाच्या आणि खालच्या सीमेच्या घनाच्या प्रमाणात असते. अर्थात त्याच पेटीत सीमा ८० वरून ४० हर्ट्झवर आणायची तर कार्यक्षमता एक अष्टमांशावर येते, म्हणजे ९ डेसिबेल गमवावे लागतात. पूर्वी जे काम १० वॅटमध्ये होई त्याला ८० वॅट लागतात. एखादे पत्रक तीनही गोष्टींचे आश्वासन देत असेल तर त्यातील एक आकडा खोटा आहे, असे खुशाल समजावे.

मुळात ही कार्यक्षमता फारच तुटपुंजी असते. नमुन्याच्या मिडवूफरची ०.३ टक्के भरते. त्याला १०० वॅट दिले तर एक वॅटचा तिसरा हिस्सा ध्वनी होतो. बाकी सारे वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. ‘१०० वॅट’ या ठळक आकड्याचा खरा अर्थ एवढाच की वेटोळे तितकी उष्णता, पत्रकात सांगितलेल्या परिस्थितीत, जळून न जाता सोसू शकते. आवाज किती मोठा येईल हे त्यावरून कळत नाही. तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वेटोळे १०० अंशांनी तापले की ६ ओहमचे साडेआठ होतात आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर पूर्वीइतका प्रवाह देऊ शकत नाही.

मंद्र प्रदेशात तर उष्णतेच्याही आधी दुसरी मर्यादा आड येते. ती ‘एक्समॅक्स’ची. चुंबकाची पकड समान राहील अशा बेताने वेटोळे एका दिशेला जितके सरकू शकते ते हे अंतर. १०० चौरस सेंटिमीटरचा शंकू ४ मिलिमीटर सरकला तर तो ४० घन सेंटिमीटर हवा ढकलतो. चहाचा अर्धा पेला म्हणा. भिंतीत बसवलेला शंकू गृहीत धरला तर एवढ्या हवेतून १०० हर्ट्झला एक मीटरवर सुमारे १०० डेसिबेल मिळतात. ५० हर्ट्झला मात्र ८८. कंपनसंख्या अर्धी झाली की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा ढकलावी लागते. ६ लिटरच्या बंद पेटीत ५० हर्ट्झच्या एकाच स्वराने ही ४ मिलिमीटरची सीमा गाठायला जेमतेम १३ वॅट पुरतात. उरलेल्या ८७ वॅटचा त्या ठिकाणी उपयोग फक्त शंकू फाडण्याकडे होईल.

मधला प्रदेश

आतापर्यंतचे सारे विवेचन खालच्या टोकाचे झाले. परंतु मिडवूफरला ट्वीटरच्या हद्दीपर्यंत, म्हणजे साधारण २५०० ते ३००० हर्ट्झपर्यंत, जावे लागते. आणि मानवी आवाजाचा सारा गाभा याच टापूत असतो. येथे थील-स्मॉल राशी मुक्या होतात. पत्रकातील आलेख पाहावा लागतो.

आलेखात एक गोष्ट हमखास आढळते. एका ठरावीक कंपनसंख्येपर्यंत रेषा शांत असते, मग तिला सुळके आणि दऱ्या फुटतात. शंकू तोवर एकसंध हलत असतो; पुढे त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांनी थरथरू लागतात. कागदाचा शंकू हळूहळू आणि सौम्यपणे फुटतो. ॲल्युमिनियमचा शंकू बराच वरपर्यंत ताठ राहतो, पण मग एखाद्या घंटेसारखा एकाच स्वराने वाजतो. सुळका जितका उंच तितके दोन भागांत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हर मंडलाचे काम अवघड. दुसरी गोष्ट दिशेची. ध्वनिलहरीची लांबी शंकूच्या व्यासाइतकी लहान होऊ लागली की आवाज कंदिलासारखा न पसरता बॅटरीच्या झोतासारखा समोरच जातो. नमुन्याच्या शंकूचा परिणामी व्यास सुमारे ११ सेंटिमीटर आहे आणि ३००० हर्ट्झच्या लहरीची लांबीही तेवढीच. ट्वीटरने यापूर्वीच सूत्रे हाती घ्यावीत हे बरे. म्हणून पत्रकात ३० आणि ६० अंशांवरून घेतलेले आलेखही असतील तर ते समोरच्या आलेखाइतक्याच काळजीने पाहावेत. २० सेंटिमीटर वर्गाचा शंकू खर्जाला लाभदायक असूनही दोन भागांच्या लहान पेटीत अडचणीचा ठरतो तो याच कारणाने.

पत्रकातील ८७ डेसिबेल हा आकडादेखील तसाच्या तसा हाती पडत नाही. उत्पादक मोजमाप प्रशस्त फळीवर बसवून घेतो. अरुंद पेटीत खालच्या स्वरांच्या लांब लहरी पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. १९ सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत हा बदल ६०० हर्ट्झच्या आसपास घडतो आणि त्याखालील आवाज जास्तीत जास्त ६ डेसिबेलने घटतो. क्रॉसओव्हरने वरचा प्रदेश तितका खाली ओढून समतोल साधला म्हणजे हाती ८२-८३ डेसिबेल उरतात. मागे भिंत जवळ असेल तर तोटा थोडा कमी होतो.

या साऱ्या तडजोडींचे एक अभ्यसनीय उदाहरण ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या ‘एलएस ३/५ ए’ या ध्वनिक्षेपकात सापडते. बाहेरील कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणासाठी जाणाऱ्या गाड्यांत मोठ्या पेट्यांना जागा नसे. अशा ठिकाणी अभियंत्याला निवेदकाचा आवाज निर्मळ ऐकू यावा या हेतूने तो १९७० च्या दशकात तेथील संशोधकांनी सिद्ध केला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि १९ सेंटिमीटर रुंद, जेमतेम ५ लिटरची बंद पेटी. पातळ बर्च प्लायवूड. केईएफ कंपनीचा ‘बी ११०’ हा बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा मिडवूफर आणि त्याच कंपनीचा ट्वीटर. खोल खर्ज आणि मोठा आवाज या दोन्ही इच्छा रचनाकारांनी जाणूनबुजून सोडल्या. एक वॅटला सुमारे ८३ डेसिबेल, आणि १०० हर्ट्झच्या वर किंचित फुगवटा, एवढ्यावर समाधान मानून त्यांनी सारे कसब मधल्या प्रदेशावर खर्चले. मिडवूफरच्या आलेखातील उंचवटे सपाट करण्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये अनेक घटक घातले. परवान्याने निरनिराळ्या कंपन्या तो अनेक वर्षे बनवत होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मात्र ‘बी ११०’च्या उत्पादनात पडत गेलेला फरक भरून काढण्यासाठी त्याचा क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला आणि १५ ओहमचा ध्वनिक्षेपक ११ ओहमचा झाला.

पत्रकाची पडताळणी

छापील आकडे आणि हातातील वस्तू यांत अंतर पडू शकते, म्हणून पेटी कापण्यापूर्वी मिडवूफर मोजून घ्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज शक्य आहे. कंपनसंख्या बदलता येणारा जनित्र, १००० ओहमचा एक रोधक आणि लहान प्रत्यावर्ती दाब मोजू शकणारा मापक, एवढे साहित्य पुरते. रोधक आणि मिडवूफर एकापुढे एक जोडून जनित्राची कंपनसंख्या हळूहळू वाढवत नेली की मिडवूफरवरील दाब एका ठिकाणी झपाट्याने चढतो आणि पुन्हा उतरतो. शिखर जेथे असेल तो ‘एफएस’. ‘८ ओहमचा’ म्हणून विकला जाणारा नमुन्याचा मिडवूफर त्या जागी सुमारे ६३ ओहम संरोध दाखवील. ६ आणि ६३ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १९.४, शिखराच्या दोन्ही बाजूंना संरोध १९.४ ओहम होतो ते बिंदू ३० आणि ६७ हर्ट्झजवळ सापडतील, आणि त्या दोहोंतील अंतरावरून तीनही ‘क्यू’ निघतात. शिखराचा ४५ हा आकडा या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमूळाशी जुळला तर मोजणी नीट झाली असे समजावे.

‘व्हीएएस’साठी शंकूच्या मध्यभागी शाडूच्या मातीची बारीक कडी दाबून बसवावी. माती नेमकी १२ ग्रॅम असेल तर हलणारे वजन दुप्पट होऊन शिखर ३२ हर्ट्झवर उतरेल. वजन आणि कंपनसंख्या कळली की स्प्रिंगचा ताठपणा कळतो, आणि शंकूच्या क्षेत्रफळाशी त्याची सांगड घातली की लिटर मिळतात. मिडवूफर नवा कोरा असेल तर आधी काही तास मंद आवाजात वाजवून घ्यावा. नवे स्पायडर आखडलेले असते.

मोजलेला ‘एफएस’ ४५ ऐवजी ५० निघाला तर नवखा बांधणारा घाबरतो. बहुधा तसे कारण नसते. आधार ताठ निघाल्यामुळे ‘एफएस’ वाढला असेल तर ‘व्हीएएस’ त्याच कारणाने १५ वरून १२ लिटरवर आलेला असतो. हे दोन्ही आकडे सूत्रात घालून पाहावेत: ६ लिटरच्या त्याच बंद पेटीतील अनुनाद ८४ ऐवजी ८७ हर्ट्झ येतो. स्प्रिंगचा मोठा वाटा पेटीतील हवेचा असतो आणि हवा सर्व मिडवूफरांसाठी सारखीच असते. फरक शंकूच्या वजनात किंवा चुंबकाच्या बळात निघाला, तर मात्र पेटीचे घनफळ नव्याने काढावे लागते.